आच काढल्यावर घालायचे फूल

देऊळगाव राजा,
दि. ११ मार्च १९६७

सौ. अन्नपूर्णा हिस,

मी, शेषराव उकंडराव वायाळ, वय त्रेपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, राहणार देऊळगाव राजा, येथील जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा मुख्य हिशेबनीस, हे पत्र तुझे पती श्री. थॉमस हेल यांनी मला पाठविलेल्या चौकशीच्या उत्तरादाखल लिहीत आहे. या पत्राचा हेतू तांत्रिक आहे. त्यातून अन्य अर्थ काढू नये.

श्री. हेल लिहितात की, तुमच्या देशात आता घरच्या घरी बिअर करण्यास परवाना लागत नाही. त्यांनी स्वयंपाकघरात पेल एल ही फिकट बिअर करण्याचे दोन प्रयत्न केले. आणि दोन्ही वेळा ती कडू झाली, सुगंध मात्र आला नाही. युद्धकाळात मी उत्तरेकडील डोंगरातल्या एका बिअरच्या भट्टीत हिशेबनीस होतो, हे तू त्यांना सांगितलेस. ते खरे आहे. मी तेथे एल चाखत असे, पीत नसे.

इंग्रजीतून उत्तर देणे मला अवघड नव्हते. तथापि तांत्रिक मजकूर मराठीतच अचूक लिहिता येतो, म्हणून तुझ्या नावे लिहीत आहे. त्यांना भाषांतर करून सांगणे.

प्रथम दोषाचे निदान. बिअरला कडवटपणा व वास देणारी हॉप वेलीची सर्व फुले श्री. हेल उकळीच्या आरंभीच घालतात. सुगंध आला नाही म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी फुले वाढविली. वेळेची चूक प्रमाण वाढवून दुरुस्त होत नाही. उलट ती ठळक होते. जे फूल दीर्घकाळ उकळते ते आपला कडवटपणा देऊन टाकते आणि त्याचा वास वाफेबरोबर छपराकडे निघून जातो. तेच फूल उशिरा पडले तर कडवटपणा बाहेर यायला अवधी मिळत नाही, वास मात्र राहतो. फूल एकच, जात एकच. फरक फक्त केव्हा घातले याचा.

आमच्या भट्टीत युद्धामुळे विलायती फुले येईनाशी झाली होती. काश्मीरकडची एकच जात मिळे आणि तिच्याकडूनच सगळी कामे करून घ्यावी लागत. फुलांच्या कोठीची किल्ली माझ्याकडे असे. कढईजवळून सोराबजी हाक मारीत तेव्हा मी तेवढीच फुले तोलून द्यायची, हा नियम. सोराबजी हे भट्टीचे मुख्य कारागीर. वयाने वृद्ध, पारशी, स्वभावाने आचाऱ्यासारखे तापट. आधी मागितली तरी द्यायची नाहीत, असे त्यांनीच मला बजावून ठेवले होते; आणि तरी ते आधीच मागत, मी देतो की काय ते पाहण्यासाठी.

श्री. हेल यांच्या भांड्यासाठी योजना अशी : गोल्डिंग जातीची एकूण तीन औंस फुले घ्यावीत. पहिला फेस बसल्यावर निम्मी घालावीत, ही कडवटपणासाठी. उकळी संपण्यापूर्वी पाव तास असताना उरलेल्यांपैकी निम्मी, ही चवीसाठी. राहिलेला भाग वेगळा, झाकून ठेवावा. तो केव्हा घालायचा ते पुढे कळवीन. पहिले दोन भाग जमल्याखेरीज तिसऱ्याकडे जाऊ नये.

आत्याची प्रकृती बरी आहे. तिला वाचता येत नाही हे तू जाणतेसच. तुझी पत्रे आजवर शेजारच्या सिंधूताई मास्तरीणबाई वाचून दाखवीत व उत्तरेही त्याच लिहीत. त्यांची मेहकरला बदली झाली. सबब यापुढे ते काम माझ्याकडे आले आहे.

शे. उ. वायाळ

ता. क. श्री. हेल यांची उंची कळवावी. आपल्या माडीवरच्या खोलीचे दार बुटके आहे. ही चौकशी केवळ माहितीसाठी.


देऊळगाव राजा,
दि. २३ एप्रिल १९६७

सौ. अन्नपूर्णा हिस,

तुझे पत्र व श्री. हेल यांनी नमुन्यादाखल पाठविलेले हॉपच्या फुलांचे पुडके, दोन्ही पोचली. पुडके पोचले त्या दिवशी मी कारखान्यात होतो, आणि पुढील प्रकार माझ्या गैरहजेरीत घडला.

टपालवाल्याने पुडके आत्याच्या हातात दिले. तिने ते उघडले, हुंगले आणि लेकीने विलायतेहून मसाला धाडला असे ठरविले. त्या दिवशी कढी होती. तिने मूठभर फुले तेलात फोडणीला टाकली, वर ताक ओतले आणि नेहमीप्रमाणे कढीला मंद आचेवर रटरटू दिले.

मी जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडात पंचवीस वर्षांपूर्वीची भट्टी आली.

"काऊन रे, तोंड काऊन वाकडं करून राह्यला?" आत्याने विचारले. तिला हल्ली समोरच्याचे तोंड नीट दिसत नाही. माझे वाकडे झालेले तिने कसे ओळखले ते मला कळले नाही.

"अक्का, यात काय घातलेस?"

"अन्नपूर्णानं धाडला तो मसाला. वास कसा चांगला येत होता बाप्पा, जसं गवत कापल्यावर येते तसा. आता तं नाई येत." तिने स्वतःच्या वाटीतली कढी चाखली आणि वाटी खाली ठेवली. "अगं माय! हे तं कडू जहर हाय. पोरीचा राग हाय का काय माह्यावर?"

"राग नाही. तू फुले आधी टाकलीस."

"मंग मसाला आधी नाई टाकत तं का जेवन झाल्यावर टाकतात?"

ती कढी मी पूर्ण संपविली. यामागचा हेतू परीक्षेचा होता. फुले ताजी आहेत, कडवटपणा स्वच्छ आहे व जिभेवर चिकटून राहत नाही, श्री. हेल यांनी हाच माल वापरावा.

उरलेली फुले फेकून देणे मला प्रशस्त वाटले नाही. सोराबजी थंडीत हॉपची उशी डोक्याखाली घेऊन झोपत. तीवर झोप गाढ लागते आणि स्वप्ने सावकाश पडतात, असे ते म्हणत. आत्याने मलमलीची पिशवी शिवली. सुईत दोरा मात्र मला ओवून द्यावा लागला. मी ती पिशवी उशीखाली ठेवली.

त्याचा परिणाम कळविणे तांत्रिक दृष्ट्या आवश्यक आहे, म्हणून लिहितो. स्वप्नात भट्टीच्या दारातून धुके आत येत होते. देवदारांचा ओला वास आणि कढईच्या वाफेचा वास एकमेकांत मिसळत होते, आणि तांब्याची ती प्रचंड कढई आपल्या माजघरात, चुलीपाशी ठेवलेली होती. मी किल्ली घेऊन उभा होतो. कढईच्या पलीकडे कोणी लहान मूल वाफेत बोट फिरवून चित्र काढत होते. पुसले जाई, पुन्हा काढी. मला त्याला सांगायचे होते की, वाफेवर चित्र टिकत नाही. पण ते टिकले. जागा झालो तेव्हाही काही वेळ ते छताखाली तसेच तरंगत होते.

आता आत्याचे. तू तिला लिहिलेले पत्र मीच मोठ्याने वाचून दाखविले. दसऱ्याच्या सुमारास दोघांना रजा मिळते आहे, आणि यायची तुझी इच्छा आहे. मात्र 'बाबांनी स्वतः ये म्हटल्याखेरीज मी त्या घराची पायरी चढणार नाही,' असे त्यात तू लिहिलेस. ते वाक्यही मी वाचले, गाळले नाही. वाचून झाल्यावर आत्याने पत्र माझ्या हातून घेतले आणि चाचपून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "लिह्य. ये म्हन तिले. माह्या नावानं नाई, तुह्या नावानं लिह्य."

तिचा निरोप तिचा म्हणून कळवीत आहे.

शे. उ. वायाळ


देऊळगाव राजा,
दि. १८ जून १९६७

चि. अन्नपूर्णा हिस,

श्री. हेल यांची तिसरी पेल एल पिण्याजोगी झाली, शेजाऱ्यांनी दुसऱ्यांदा मागितली, हे वाचून समाधान वाटले. पहिले दोन भाग वेळेवर पडले असा याचा अर्थ. सुगंध अद्याप अपुरा आहे हेही अपेक्षेप्रमाणे. राखून ठेवलेला तिसरा भाग त्यांनी धीर न निघून उकळत्या भांड्यात टाकला, असे ते स्वतःच कबूल करतात. सोराबजींनी त्यांना भट्टीबाहेर काढले असते.

तिसऱ्या भागाचा नियम असा. भांड्याखालची आच पूर्ण काढावी. उकळी बसू द्यावी. वाफेचा जोर मोडला, पातळी शांत झाली, की मग फुले हलक्या हाताने वर पसरावीत, झाकण घालावे, आणि काही करू नये. हे काही न करणे सर्वांत कठीण असते. नवशिक्याला वाटते, आच काढली म्हणजे काम संपले, आता घातलेल्या फुलाचा काय उपयोग? वास्तविक एल ज्या वासासाठी लक्षात राहते तो या वेळी पडलेल्या फुलाचा असतो.

आत्याविषयी एक गोष्ट कळविणे भाग आहे. मी तिला जालन्याला डोळे दाखवायला नेले होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तू परिचारिका आहेस, तुला अधिक समजेल. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली औषधाने काही काळ टिकेल. किती काळ, ते त्यांनी सांगितले नाही, मीही खोदून विचारले नाही. माझ्या स्वभावाला हे धरून नाही, असे तुला वाटेल.

परतीच्या एसटीत आत्याने खिडकीची जागा मागून घेतली. जालना मागे पडल्यावर तिने माझा दंड धरला.

"शेषा, ते बाभयीचं झाड गेलं का?"

"गेले."

"पाह्यलं मी. पिवयं पिवयं दिसलं." मग म्हणाली, "पोरगी यीन तवा मले तिचं तोंड पाह्याचं हाय. आवाजावर नाई भागत. तू काय ठरवून राह्यला?"

मी म्हणालो, "एसटीत हा विषय नको."

पुढच्या बाकावरून एक अनोळखी बाई वळून म्हणाली, "एसटीत नाही तर कुठं बोलावं भाऊ? घरी तर कामंच राहतात." आत्या हसली. मी हसलो नाही. पण बाईंचा मुद्दा योग्य होता.

अन्नपूर्णा, तुझ्या पत्राच्या शेवटी तू सरळ विचारले आहेस : 'आत्याचं कळलं. तुम्ही काय म्हणता?' तू लग्नाचे कळविलेस तेव्हा मी एका ओळीचे उत्तर पाठविले होते : 'पत्र पोचले, नोंद घेतली.' कार्यालयीन दृष्टीने त्या ओळीत चूक काढता येत नाही. ती ओळ मला हल्ली उशीत ऐकू येते. या खेपेच्या स्वप्नात मी तेच वाक्य सोराबजींना म्हणालो, तर त्यांनी कढईवरचे झाकण माझ्या हातात दिले आणि ते निघून गेले. झाकण गार होते. खाली काय शिजते आहे ते मला दिसत नव्हते, आणि संबंध भट्टीत माझ्याखेरीज कोणी नव्हते.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे देईन.

शे. उ. वायाळ

ता. क. उंची सहा फूट तीन इंच असल्याचे समजले. सुतार योगायोगाने दुसऱ्या कामासाठी आला होता; माडीची चौकट त्याने पाहून ठेवली आहे.


देऊळगाव राजा,
दि. २७ ऑगस्ट १९६७

चि. अन्नपूर्णा,

एक विचार माझ्या मनात आला होता. पाहुणा आपल्या घरी रोज जे पितो ते त्याला परगावी मिळू नये, हे आदरातिथ्याच्या दृष्टीने बरोबर नाही. आपल्या राज्यात दारूबंदी आहे. पण परदेशी नागरिकाला परवाना मिळू शकतो, असे मी ऐकले होते. ऐकीव गोष्टीवर विसंबण्याची मला सवय नाही. म्हणून रजा टाकून बुलढाण्याला गेलो आणि दारूबंदीच्या कचेरीत चौकशी केली.

टेबलावर पंजाबराव नावाचे कारकून होते. मला वाटले होते, खोलीत आम्ही दोघेच असू. पण भिंतीलगतच्या बाकावर आपल्या गावचे रंगराव बसलेले होते, आपल्या पेठेतले भुसार व्यापारी, ज्यांना सांगितलेली गोष्ट बालाजीच्या देवळापर्यंत आपल्या आधी पोचते. ते स्वतःच्या प्रकृतीसाठी परवाना मागायला आले होते. मला पाहताच त्यांनी पान गालात सरकविले.

"अहो हिशेबनीस! तुम्ही अन् या दारात? सुपारीचं खांड खात नाही तुम्ही!"

मी त्यांना नमस्कार केला आणि पंजाबरावांना विचारले, "परदेशी पाहुण्यासाठी अर्ज करावयाचा आहे. कार्यपद्धती काय?"

"पाहुने कोन तुमचे?"

"इंग्लंडचे नागरिक आहेत."

"ते समजलं हो. पन नातं काय? का जिनची मशीन पाह्याले साहेब येऊन राह्यले?"

हे उत्तर मला आयते मिळाले होते. कारखान्याचे पाहुणे, असे म्हटले असते तर कोणीही शंका घेतली नसती. रंगरावांचे पान चावणे थांबले होते. डोक्यावरचा पंखा फिरत होता, बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवीत होते, आणि मला कशाने कोण जाणे, ओल्या देवदारांचा वास आला. जणू कोठीची किल्ली माझ्या मुठीत होती आणि हाक मारणारे कोणी नव्हते. मला वाटते, वेळ झाली हे मला प्रथमच कोणी न सांगता कळले.

"माझे जावई आहेत," मी म्हणालो.

पंजाबरावांनी मान वर केली. रंगराव बाकावरून उठले.

"म्हणजे आपल्या अन्नपूर्णाचे मालक?"

"होय."

"हात्तिच्या!" ते म्हणाले. "अख्ख्या गावाला माहीत हाय हो ते. तुमच्याच तोंडून ऐकायचं राह्यलं होतं. आमची मंडळी म्हणायची, हिशेबनीसासमोर पोरीचं नाव काढू नका. तीन वर्सं झाली, तुमच्यासमोर आम्ही विलायतेचं हवामानबी बोललो नाही!"

पंजाबराव हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. पण मीही हसत होतो. शेवटी त्यांनी नियम सांगितला : अर्जदाराने स्वतः हजर राहिले पाहिजे, सासऱ्याला जावयाचा परवाना काढता येत नाही. तेव्हा थॉमसला त्यासाठीही प्रत्यक्ष यावेच लागेल.

मी घरी पोचण्यापूर्वीच बातमी पोचली होती. ओसरीवर बायकांची दाटी होती. शेजारच्या गीताबाई विचारीत होत्या, "जावई भाकर खातात का हो?" आणि आत्या अशा थाटात सांगत होती, की जणू तिनेच त्याला लहानाचा मोठा केला : "खाईन नाई तं काय! आमचा टॉमसराव कढी बी खाईन. पन आता मी त्याच्यात विलायती मसाला नाई टाकनार." मग माझी चाहूल लागताच तिने तोंड वळविले, माझ्या दिशेपासून थोडे चुकलेले, आणि विचारले, "लिह्यलं का रे?"

"आज लिहितो."

"नाई तं मीच जातो मास्तरीनबाईकडे मेहकरले. आंधयी बाई एकटी एसटीत बसली तं लोक तुलेच हसतील."

तेव्हा लिहितो.

थॉमसची चौथी एल पिंपात उतरली, झाकण काढताच वासाने संबंध स्वयंपाकघर भरले आणि तू कामावरून आल्याबरोबर दारातच थांबलीस, असे त्याने कळविले आहे. त्याच्या इंग्रजी पत्रातले ते वाक्य मी आत्याला मराठी करून पुन्हा पुन्हा ऐकविले. योजनेत आता एकच गोष्ट राहते. पिंप बंद करण्यापूर्वी त्याच जातीची चिमूटभर फुले कोरडीच आत सोडावीत. त्यांना आच लागतच नाही. ती नुसती असतात, आणि एल मुरेपर्यंत त्यांचा वास आत उतरत राहतो.

पहिल्या पत्रात मी लिहिले होते की, भट्टीत मी एल चाखत असे, पीत नसे. त्या विधानाला एक अपवाद आहे. डोंगरावर बर्फ पडून वाट बंद होती, तारवाला कमरेपर्यंत भिजून आला होता. तार सोराबजींनी फोडली, कारण माझे हात गारठले होते. मुलगी झाली, दोघी सुखरूप, एवढाच मजकूर होता. त्यांनी कोठीतली पेल एल काढली आणि काठोकाठ भरलेला पेला माझ्यापुढे धरला. तो मी पूर्ण प्यायलो. प्रथम कडू लागली. मग घोट गेल्यावर, श्वास सोडताना, एक वास आला. त्याचे नाव मला आजही सांगता येत नाही. गवत, फूल, संत्र्याची साल, धुतलेल्या बाळंत्यांवरचे ऊन. यातले प्रत्येक थोडेथोडे. बर्फाच्या उजेडात खिडकी पांढरी झाली होती, आणि ज्या मुलीला मी पाहिले नव्हते ती त्या पेल्यातून वर येऊन खोलीभर तरंगते आहे असे मला वाटले. ती चव तशीच राहावी म्हणून मी पुन्हा कधी प्यायलो नाही.

तेव्हा पिंपातली एल आणू नका; ती शेजाऱ्यांना द्या. फुलांचे पुडके मात्र आणा, आत्याला उशी हवी आहे. ती म्हणते, डोळे मिटल्यावर दिसले पाहिजे.

माडीचे दार उंच केले आहे. सुताराने कशासाठी म्हणून विचारले, त्याला मी कारण सांगितले. दसऱ्याला बालाजीच्या यात्रेत मंडपाच्या लाटा, म्हणजे ते उंच लाकडी खांब, उभ्या राहतात त्या वेळी रंगराव थॉमसला पुढे उभे करणार आहेत. एवढ्या उंचीचा माणूस त्या खांबांशी पूर्वी उभा राहिल्याचे कोणाला आठवत नाही.

मी काल रात्री उशीवाचून झोपलो. तरीही ती कढई दिसली. आच काढलेली होती, झाकण घातलेले होते, आणि भोवती कोणालाही घाई नव्हती. मी झाकणावर हात ठेवला. ते अजून कोमट होते.

अन्नपूर्णा, ये. हे मी म्हणतो आहे. थॉमसला घेऊन, सरळ पुढच्या दाराने ये.

तुझा बाबा,
शेषराव

देऊळगाव राजा, २७ ऑगस्ट १९६७